मेलेला डबा आणि डार्विनच्या कुंड्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या गॅलरीतला गांडूळखताचा डबा मेला. आठ दिवस गावाला जायचं होतं, म्हणून फ्रिजमधली उरलीसुरली भाजी, पपईची सालं, शिळा भात असं सगळं मी एकदम त्यात ओतलं आणि वर घट्ट झाकण लावलं. परत येऊन पाहतो तर झाकणाच्या आतल्या बाजूला गांडुळं चिकटलेली, त्यातली बहुतेक मेलेली. तळाशी काळा चिखल आणि सडक्या अंड्यांसारखा वास. ज्यानं शाळाशाळांतून गांडूळखतावर भाषणं दिली, त्याच्या घरची ही अवस्था!

‘पाणी जास्त झालं, बिचारी बुडून मेली’ असं निदान मी तिथल्या तिथे करून टाकलं. पावसात गांडुळं जमिनीवर येतात ती बुडण्याच्या भीतीनं, असं आपण वर्गातही सांगतो. पण मग एक जुनं पुस्तक आठवलं आणि ते काढून पुन्हा वाचलं. चार्ल्स डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक १८८१ साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८२ मध्ये, तो वारला. म्हणजे हे त्याचं अखेरचं पुस्तक. विषय मात्र त्यानं तरुणपणीच हाती घेतला होता. जमिनीवर टाकलेला चुना आणि कोळशाची राख काही वर्षांनी मातीखाली काही इंच गेलेली दिसते, हे त्याला त्याच्या मामानं, जोसाया वेजवुडनं, दाखवलं होतं. त्यावरचा निबंध डार्विननं १८३७ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेत वाचला. पुढे १८४२ च्या डिसेंबरात त्यानं आपल्या घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि २९ वर्षं वाट पाहिली. १८७१ साली चर खणला तेव्हा खडूचा थर सात इंच खाली गेलेला होता. आपल्या आजच्या संशोधन प्रकल्पांना तीन वर्षांची मुदत असते, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

म्हातारपणी डार्विननं मातीनं भरलेल्या कुंड्या अभ्यासिकेत आणून ठेवल्या आणि रात्री मंद उजेडात तो गांडुळांवर नजर ठेवू लागला. त्यांना शिट्टी ऐकवली, पियानो ऐकवला. काही परिणाम झाला नाही. कुंडी थेट पियानोवर ठेवून सूर वाजवल्यावर मात्र गांडुळं बिळात पळाली. त्यांना आवाज ऐकू येत नाही, कंप कळतो. खाण्यातही त्यांच्या आवडीनिवडी आहेत, हे त्यानं निरनिराळी पानं टाकून पाहिलं.

या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात माझं निदान चुकीचं ठरवणारी नोंद आहे. कोरड्या हवेच्या खोलीत एक रात्र उघडं राहिलेलं गांडूळ मरतं. पण पेरिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं मोठी गांडुळं पूर्णपणे पाण्याखाली ठेवली, तर ती जवळजवळ चार महिने जगली!

मग माझी गांडुळं कशानं मेली? गांडुळाला फुप्फुसं नसतात. ओलसर कातडीतून विरघळलेला प्राणवायू आत जातो. स्वच्छ पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, म्हणून तिथे ते तग धरतं. माझ्या डब्यात भात आणि पपई कुजत होती. ते कुजवणाऱ्या अब्जावधी जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायू आधीच संपवला होता, आणि झाकण व चिखल यांमुळे नवा आत येत नव्हता. गांडुळं बुडाली नव्हती, गुदमरली होती. हा फरक नुसता शब्दांचा नाही, कारण त्यावरून उपाय बदलतो. नुसतं पाणी काढून टाकून भागत नाही. हवा आत खेळली पाहिजे आणि न कुजलेलं अन्न बाहेर निघालं पाहिजे.

डार्विनच्या पुस्तकातल्या दुसऱ्या एका गोष्टीनं मी जवळजवळ फसलो. गांडुळांच्या अन्ननलिकेपाशी चुनखडी तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. कुजलेल्या पानांतली आम्लं मारण्यासाठी त्या असाव्यात, असं डार्विनला वाटलं. (या ग्रंथींच्या कामाबद्दल नंतर इतर मतंही पुढे आली.) डबा आंबलेला होता, म्हणून मी भिजवलेल्या चुन्याची मूठ हातात घेतलीसुद्धा. पण कुजणाऱ्या प्रथिनांतून अमोनियाचे क्षार तयार झालेले असतात आणि चुन्यासारखा तीव्र अल्कली त्यातला अमोनिया वायू मोकळा करतो. उरलीसुरली गांडुळं त्यानंच संपली असती. त्याऐवजी अंड्यांच्या टरफलांची बारीक पूड टाकली. तीही कॅल्शियमचीच, पण कार्बोनेट असल्यामुळे सावकाश काम करणारी.

आता नवी गांडुळं आणायची तर बागेत खणून आणावीत का? इथे डार्विन उपयोगाचा नाही. त्याची बरीचशी निरीक्षणं खोल बिळं करून राहणाऱ्या गांडुळांवरची. उथळ डब्यातल्या भाजीच्या सालींत ती टिकत नाहीत. सावीन्यी या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२६ साली वर्णन केलेलं तांबडं, पट्टेरी ‘आयसेनिया फेटिडा’ वेगळं. ते मातीत क्वचितच जातं; शेणात, पाचोळ्याच्या ढिगात राहतं. पृष्ठभागावर राहणारी, मातीत आडवी बिळं करणारी आणि खोल उभी बिळं करणारी, असे तीन गट मार्सेल बूशेनं १९७० च्या दशकात मांडले. मासे पकडणारे मात्र गळासाठी ही तांबडी गांडुळं आधीपासूनच विकत घेत होते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मेरी ॲपलहॉफ या शिक्षिकेनं १९७२ साली तीच मागवून घरात डबा सुरू केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. डबा खोल नको, पसरट हवा. आठवड्याला जितके पौंड कचरा, तितके चौरस फूट पृष्ठफळ, हा तिचा हिशोब. माझा डबा अरुंद आणि खोल होता. म्हणजे तळाशी हवा पोचणारच नाही, अशी सोय मी पहिल्या दिवशीच करून ठेवली होती.

आपल्याकडेही कोणतं गांडूळ कशासाठी, हा प्रश्न होताच. बंगळूरमध्ये राधा काळे यांनी खत करणाऱ्या जातींवर काम केलं. चेन्नईत सुलतान इस्माईल यांनी पृष्ठभागावरची आणि मातीतली अशी दोन्ही देशी गांडुळं एकत्र वापरली. पुण्यात उदय भवाळकर यांनी खोल बिळं करणाऱ्यांवर भर दिला. जमीन सुधारायची असेल तर तीच हवीत. गॅलरीतल्या डब्याचं गणित निराळं.

मी डबा प्लास्टिकच्या कागदावर सावलीत उपडा केला. जिवंत सापडलेली थोडी गांडुळं ओल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि नारळाच्या काथ्यासह एका पसरट, भोकं पाडलेल्या घमेल्यात सोडली. ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकी. काळा चिखल फेकणार होतो, पण त्यात भिंग धरल्यावर लिंबाच्या आकाराचे, तीन-चार मिलिमीटरचे पिवळसर दाणे दिसले. हे गांडुळांचे कोष. एकेकात दोन-तीन पिल्लं असू शकतात, आणि मोठी गांडुळं मेल्यावरही कोष तग धरू शकतात. कुजकं अन्न वेचून काढलं. उरलेल्या चिखलात वाळका पाचोळा आणि पुठ्ठ्याचे तुकडे मिसळून वास जाईपर्यंत रोज वरखाली केलं, आणि मग तो घमेल्यात पातळ पसरला. पुढे काही घातलं नाही. घरातल्यांना हेच सगळ्यात कठीण गेलं.

पहिल्या आठवड्यात पांढरे धागे वळवळताना दिसले आणि मी उगाच खूश झालो. ती कुंडीकिडे म्हणावेत अशी वेगळी प्रजात. आंबट डब्यात ती माजते. गांडुळाच्या पिल्लाच्या अंगात भिंगातून रक्ताची लाल रेघ दिसते, यांच्यात ती नव्हती. तिसरा आठवडा उलटल्यावर पुठ्ठ्याच्या एका तुकड्याखाली ती रेघ दिसली, आणि शेजारच्या तुकड्याखाली आणखी तीन. त्या दिवशी त्यांना केळ्याची अर्धी साल दिली, बारीक चिरून.