अंधारांतील रिमोट

नाशिकास पंचवटींतील आमच्या घरीं मातोश्रींचें वय ऐशींच्या पुढें गेलें आहे. रात्रीं दिवा मालवून टेलिव्हिजनवर कीर्तन ऐकावें, ही त्यांची संवय. संचाचा रिमोट एक, वाहिन्यांच्या पेटीचा दुसरा, आणि दोहोंवर मिळून ऐशींहून अधिक कळा. अंधारांत भलतीच कळ दाबली गेली कीं पडदा निळा पडतो. मग मातोश्री नातवास हांक मारतात. नातू घरीं नसेल तर तशाच निळ्या उजेडांत बसून राहतात. त्यांच्यासाठीं दोन्ही यंत्रें चालविणारा, मोजक्या व उजळणाऱ्या कळांचा एकच रिमोट शोधावयास आम्ही निघालों, आणि त्या निमित्तानें या क्षुल्लक वस्तूचा इतिहास चाळणें भाग पडलें.

या इतिहासाचा आरंभ तारेनें झाला. अमेरिकेंतील झेनिथ कंपनीनें १९५० सालीं काढलेला ‘लेझी बोन्स’ संचाशीं तारेनें जोडलेला असे, व ती तार येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत येई. १९५५ सालीं त्याच कंपनींतील यूजीन पोली यांनीं ‘फ्लॅश-मॅटिक’ केला. ती एक प्रकारची विजेरीच होती. पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशग्राही घटांपैकीं एकावर झोत पाडला कीं आज्ञा पोहोंचे. परंतु ऊन घरांत आलें कीं तेंही आज्ञा देऊं लागे! म्हणून १९५६ सालीं रॉबर्ट ॲडलर यांनीं ध्वनीचा आश्रय केला. त्यांच्या ‘स्पेस कमांड’मध्यें ॲल्युमिनियमच्या चार कांबी होत्या. कळ दाबतांच लहानशी हातोडी कांबीवर आदळे, आणि मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा सूर निघे. त्यास बॅटरी लागत नसे. कळा चारच: संच चालू-बंद करणें, आवाज बंद-चालू करणें, वाहिनी पुढें नेणें, वाहिनी मागें आणणें. मातोश्रींस याहून फारसें अधिक कांहींच नको आहे.

मग हें साधेपण हरवलें कोठें? पुढें अवरक्त किरणांचे रिमोट आले. डोळ्यांस न दिसणारा प्रकाश सेकंदास सुमारें ३८ हजार वेळां लुकलुकवून त्यांतून सांकेतिक आज्ञा धाडावयाची, ही त्यांची सामान्य रीत. युक्ति उत्तम, परंतु कारखानदारागणिक संकेतलिपि निराळी झाली. मोडी वाचणाऱ्यापुढें फारसी कागद टाकावा, तशी एका संचाची गत दुसऱ्याच्या रिमोटपुढें होते. शिवाय नवी कळ घालण्यास खर्च थोडा; म्हणून कळा वाढतच गेल्या. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझनिॲक यांनीं १९८७ सालीं ‘कोअर’ हा इतर रिमोटांचे संकेत शिकून घेणारा रिमोट बाजारांत आणला. तो बहुगुणी होता. परंतु त्यास शिकविणें सामान्य माणसास जड गेलें. सर्वांचें ओझें उतरविण्यास आलेला स्वतःच ओझें झाला.

आमच्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. एकच वाहिनी असतां ती बदलणार कोण? १९९१ नंतर उपग्रहवाहिन्या व केबल आल्या, तेव्हां रिमोटास अर्थ आला. पुढें सरकारनें केबलचें डिजिटलीकरण सक्तीचें केलें. दुसऱ्या टप्प्यांतील ३८ शहरांत नाशिक होतें, व त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. केबलच्या प्रत्येक संचापुढें पेटी आली आणि पेटीबरोबर तिचा रिमोट. केबल पाहणाऱ्या नाशिककराच्या हातांत हा दुसरा रिमोट कायद्यानें दिला. तो ज्यांच्या हातांत जाणार, त्या वृद्धांस मात्र कोणीं विचारलें नाहीं.

महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानांत आम्हीं चौकशी केली. ‘सर्व संचांस चालणारे’ रिमोट पुष्कळ, पण कळा पन्नास. उजळणारी कळ मागतांच दुकानदार म्हणाले, “साहेब, दिवा लावला कीं सेल लवकर संपतात, गिऱ्हाईक परत येऊन भांडतं.” अखेर सात मोठ्या कळांचा, शिकवितां येणारा रिमोट मिळाला. जुना व नवा समोरासमोर धरून एकेक कळ त्यास शिकविली. आमची पेटी किरणांनींच चालते म्हणून हें साधलें. रेडिओलहरींनीं चालणाऱ्या नव्या पेट्यांपुढें तो मुकाच राहील.

उजेडाचा प्रश्न उरला. तो वाहनांच्या पाट्या करणाऱ्या एका कारागिरानें सोडविला. ज्यास बाजारांत ‘रेडियम’ म्हणतात, पण ज्यांत रेडियम नसतें, त्या अंधारांत चमकणाऱ्या पट्टीचे तीन ठिपके त्यानें कापून दिले.

रिमोट आपली प्रत्येक आज्ञा प्रकाशानेंच धाडतो; तो प्रकाश यंत्रास दिसतो, मातोश्रींस दिसत नाहीं. सत्तर वर्षांच्या या प्रगतींत यंत्राच्या डोळ्यांची काळजी पुष्कळ घेतली गेली. माणसाच्या डोळ्यांसाठीं तीन ठिपके आम्हांस हातानें चिकटवावे लागले. काल रात्रीं कीर्तन संपल्यावर संच बंद झाला, आणि नातवास हांक आली नाहीं.