आखातातली टाळेबंदी: 2020-21 मध्ये परदेशी कामगारांचं जगणं, नियम आणि कागद

वरोर, वाढवण, चिंचणी हा आपला किनारपट्टा. इथल्या माणसाला कामासाठी गाव सोडणं नवं नाही. कुणी गुजरातच्या बोटीवर खलाशी, कुणी व्यापारी जहाजावर, कुणी दुबई-कुवेतला. एप्रिल 2020 मध्ये गुजरातच्या बोटींवरून परतणारे डहाणू-तलासरीचे खलाशी नारगोळसमोर पोहोचले, पण त्यांना किनाऱ्यावर उतरू देईनात. घर दिसेल इतक्या अंतरावर माणूस अडकला. मग जे समुद्रापलीकडे होते, त्यांचं काय झालं असेल? त्या काळाबद्दल आम्हाला अजून विचारणा होते: थकलेला पगार, संपलेला इकामा, तिकडेच दफन झालेला माणूस. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

भारताने 22 मार्च 2020 पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली. नियमित उड्डाणं पूर्ववत व्हायला 27 मार्च 2022 उजाडलं. मधल्या काळात खास विमानं आणि ठराविक देशांशी केलेले करार, एवढाच रस्ता होता.

तिकडे सगळ्यात कडक दिवस कुवेतने पाहिले. 22 मार्चपासून संध्याकाळची संचारबंदी लागली. एप्रिलमध्ये जलीब अल-शुयूख आणि महबूला हे परदेशी कामगारांनी भरलेले भाग कुंपण घालून बंद केले गेले. नंतर 10 ते 30 मे पूर्ण देशात चोवीस तासांची संचारबंदी होती. तिकडे रमजान 24 एप्रिलला सुरू झाला होता, म्हणजे अर्धा रमजान आणि 24 मेची ईदही खोलीतच. मशिदी बंद होत्या. अजानमध्ये ‘घरीच नमाज पढा’ अशा अर्थाचे शब्द आले, ते ऐकून मोठमोठी माणसं रडली. तरावीह खोलीतच. एका खोलीत सहा-आठ पलंग, एक मोरी, एक स्वयंपाकघर. अशा ठिकाणी ‘अंतर ठेवा’ हा सल्ला पाळायचा कसा, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मेस बंद पडली की डाळ-भात आपसात वर्गणी काढून शिजायचा, आणि ज्याचा पगार चालू त्याच्यावर न चालणाऱ्याचा भार पडायचा.

दुबईत मार्चअखेर अल रास भाग बंद झाला. 4 एप्रिलपासून शहरभर दिवसरात्र निर्बंध लागले, बाहेर पडायला ऑनलाइन परवाना घ्यावा लागे. 24 एप्रिलपासून थोडी ढिलाई आली. सौदीत 17 मार्चपासून दोन्ही हरम वगळता मशिदींतल्या जमाती थांबल्या होत्या. सौदीने इकाम्याची मुदत विनाशुल्क वाढवून दिली, हा मोठा दिलासा. नाहीतर दंडाच्या भीतीने कितीतरी जण झोपले नसते.

आता पगाराचं. इथे जरा थांबून वाचा. संयुक्त अरब अमिरातीने मार्च 2020 मध्ये ठराव क्रमांक 279 काढला. तो फक्त परदेशी कामगारांना लागू होता. मालकाने आधी घरून काम द्यावं, मग पगारी रजा, मग बिनपगारी रजा, मग तात्पुरती पगारकपात, शेवटी कायमची कपात. यात कामगाराची संमती लागत होती, आणि तात्पुरत्या कपातीसाठी करारनाम्याला जोडपत्र करून त्याची प्रत कामगाराला द्यायची होती. म्हणजे कागदावर सही काय केली, हाच पुढच्या भांडणाचा मुद्दा. आमच्या माहितीतल्या घरांमध्ये बहुतेकांनी न वाचता सही केली, घाबरून. प्रतही मागितली नाही. पगार बँकेतून येत असेल तर खात्याचा उतारा हाच साक्षीदार. तो सांभाळून ठेवायला हवा, मोबाईलमधल्या फोटोवर भरवसा नको.

परतीची वाट 7 मे 2020 ला वंदे भारत मोहिमेने उघडली. आधी दूतावासाकडे नोंदणी, मग क्रमांक. गरोदर बाया, आजारी आणि नोकरी गेलेले आधी. तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, आणि आल्यावर विलगीकरणाच्या हॉटेलचेही. पगार नसलेल्या माणसाला हे दोन्ही भारी होतं. कुवेतने एप्रिलमध्ये व्हिसा नसलेल्यांना माफी दिली, दंड आणि तिकीट दोन्ही माफ. पण विमानंच नव्हती, त्यामुळे अर्ज मंजूर झालेले लोक आठवडेच्या आठवडे छावणीत बसून राहिले.

जे सुट्टीवर इकडे आले होते, त्यांची कथा उलटी. सौदीने फेब्रुवारी 2021 मध्ये भारतासह वीस देशांतून थेट प्रवेश बंद केला. परत जायचं तर तिसऱ्या देशात चौदा दिवस काढायचे, म्हणजे दुप्पट खर्च. थेट दार 1 डिसेंबर 2021 ला उघडलं. त्यात लशीचा घोळ. कोविशिल्डवाले पुढे गेले, कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 3 नोव्हेंबर 2021 ला मिळाली, तोवर ते थांबले. जून 2021 मध्ये परदेशी नोकरीवाल्यांना कोविशिल्डचा दुसरा डोस 28 दिवसांनी घेण्याची सवलत मिळाली आणि प्रमाणपत्राला पासपोर्ट क्रमांक जोडायला सांगितलं गेलं.

जहाजावरच्यांना तर किनाराच मिळाला नाही. 2020 च्या शेवटी जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते. ‘जग आनंद’ या जहाजावरचे 23 भारतीय चीनच्या बंदराबाहेर महिनोन्महिने नांगरून होते. ते जानेवारी 2021 मध्ये घरी आले.

मृत्यू झाला तर मय्यत बहुतेक वेळा तिकडेच दफन झाली. शाफई मसलकात गायबाना जनाज्याची नमाज जायज आहे, हनफीत नाही. आपली कोकणी घरं बहुतेक शाफई, म्हणून अनेक गावांत ती अदा झाली. पण कागद मागे राहिले. मृत्यूचा दाखला, दूतावासाची नोंद आणि पासपोर्ट रद्द झाल्याची नोंद याशिवाय मालकाकडची थकबाकी आणि सेवासमाप्तीची रक्कम वारसाला मागता येत नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाख अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहेत. कोविडने गेलेल्याच्या घरच्यांना ते मिळतील असं समजून कुणी एजंटाला पैसे देऊ नये. गरजूंसाठी दूतावासाचा भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, मय्यत आणायचा खर्चही त्यातून होऊ शकतो. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. तिथे पासपोर्ट क्रमांक आणि मालकाचं पूर्ण नाव लागतं. ही दोन्ही घरी कुणाकडेतरी लिहून ठेवलेली असली, तर अर्ज तिथूनही करता येतो.