उसनी साखर आणि विजेचं बिल

‘पॉवर सेव्हर’चा डेमो तुम्ही कधी ना कधी रील्समध्ये पाहिला असेल. फ्रिज किंवा मोटर चालते त्या बोर्डाकडे येणाऱ्या वायरला क्लॅम्प मीटर लावलेलं असतं. शेजारच्या सॉकेटमध्ये एक छोटा डबा खोचला जातो, हिरवा दिवा लागतो आणि आकडा घसरतो. समजा, १ अँपिअरवरून ०.६ वर. म्हणजे ४० टक्के बचत!

बहुतेक वेळा हा आकडा खरा असतो, आणि तरीही बिल कमी होत नाही. हे कसं, याचं उत्तर सव्वाशेहून जास्त वर्षं जुनं आहे.

वीज विकायला सुरुवात झाली तेव्हा ती मोजायची कशी, हाच मोठा प्रश्न होता. एडिसनच्या मीटरमध्ये द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या असत. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस त्या काढून नेई, वजन करी आणि वजनातल्या फरकावरून बिल निघे. पण ही युक्ती फक्त डीसी विजेला चालायची.

एसीचा मार्ग अपघातानं सापडला. एप्रिल १८८८ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीचे इंजिनिअर ऑलिव्हर शॅलनबर्गर एक आर्क दिवा तपासत होते. त्यातली छोटी स्प्रिंग निसटून आतच पडली आणि पडल्या जागी हळूहळू फिरायला लागली. दिव्यातलं चुंबकक्षेत्र तिला फिरवतंय हे शॅलनबर्गरनी ओळखलं, आणि काही आठवड्यांत त्याच तत्त्वावर मीटर तयार केलं.

ते मीटर अँपिअर-तास मोजायचं, म्हणजे किती करंट किती वेळ वाहिला एवढंच. तेव्हा ते पुरेसंही होतं, कारण गिऱ्हाइकांकडे फक्त दिवे होते. दिवा जेवढा करंट घेतो, तेवढ्या प्रमाणात वीज खर्च करतो.

मोटरचं तसं नसतं. तिला फिरण्यासाठी आधी चुंबकक्षेत्र उभं करावं लागतं. त्यासाठी ती थोडी ऊर्जा घेते आणि क्षणभरात परत करते, सेकंदाला शंभर वेळा. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणायची आणि लगेच परत द्यायची, असा हा व्यवहार. या येण्या-जाण्यानं तारेतला करंट वाढतो, पण खरा खर्च फक्त चहात पडलेल्या साखरेचा. शॅलनबर्गरचं मीटर फेऱ्यासुद्धा मोजायचं.

१८८९ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कंपनीतल्या ओटो ब्लाथी यांनी वेगळं मीटर केलं. लाकडी फळीवर बसवलेलं, तब्बल २३ किलोचं. त्यातली चकती फिरायला नुसता करंट पुरत नसे; करंट आणि व्होल्टेज यांचा ताल किती जुळतो, तेही मोजलं जाई. उसनवारी आपोआप वजा होऊन फक्त खरा खर्च उरे, वॉट-तासांत. आपल्या घरातलं मीटर आता इलेक्ट्रॉनिक आहे, पण मोजतं हेच.

आता डब्याकडे येऊ. बहुतेक डब्यांत एक कपॅसिटर आणि एक एलईडी असतो. कपॅसिटर म्हणजे घरातच ठेवलेली साखरेची बरणी. मोटर आता त्याच्याकडून उसनं घेते, लांबून करंट आणत नाही. २३० व्होल्टवर १ अँपिअर घेणाऱ्या मोटरचा पॉवर फॅक्टर ०.६ असेल, तर तिचा खरा खर्च १३८ वॉट. कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर १ झाला, की करंट ०.६ अँपिअर. खर्च? तेच १३८ वॉट. फेऱ्या वाचल्या, साखर नाही. तो डेमो म्हणजे १८८८ च्या मीटरवर घेतलेली परीक्षा, आणि बिल येतं १८८९ च्या तत्त्वावर.

कारखान्यांची गोष्ट वेगळी. वाढीव करंटमुळे तारा आणि ट्रान्सफॉर्मर तापतात, म्हणून मोठ्या ग्राहकांकडून कमी पॉवर फॅक्टरचे पैसे घेतले जातात. तिथे कपॅसिटर बँक खरंच पैसे वाचवते. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं २००९ मध्ये याच विषयावर एक तांत्रिक टिपण काढलं. निष्कर्ष सरळ होता: घरगुती ग्राहकाच्या बिलात अशा उपकरणानं जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

अशा जाहिरातींत ‘नासा’चं नावही येतं, आणि त्यामागे एक खरा शोध आहे. नासाच्या मार्शल केंद्रातले इंजिनिअर फ्रँक नोला यांना १९७७ मध्ये एका सर्किटचं पेटंट मिळालं. मोटरवर लोड कमी असला, की ते तिचं व्होल्टेज कमी करतं आणि मोटरच्या आत वाया जाणारी वीज वाचवतं. रिकाम्या फिरणाऱ्या मोटरवर हे छान चालतं. पण फ्रिजचा कंप्रेसर सुरू असतो तेव्हा तो कामावरच असतो. तिथे वाचवण्यासारखं फारसं काही उरत नाही. शिवाय नोलांचं सर्किट मोटरच्या वाटेत बसतं. शेजारच्या सॉकेटमध्ये खोचलेला डबा मोटरचं व्होल्टेज बदलूच शकत नाही.

आमच्या क्षेत्रात कोड फास्ट झाला असा दावा कुणी केला, की पहिला प्रश्न येतो: काय मोजलंस? इथेही तोच विचारायचा, आणि तपासायला फक्त मोबाइलचा स्टॉपवॉच लागतो.

तुमच्या मीटरवर एका युनिटला किती इंपल्स ते छापलेलं असतं. समजा, ३२००. म्हणजे मीटरवरचा छोटा दिवा ३२०० वेळा लुकलुकला, की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून एकच पंखा फुल स्पीडवर ठेवा. तो ७५ वॉटचा असेल, तर १५ मिनिटांत ६० लुकलुकी दिसतील. आता डबा लावून पुन्हा मोजा. ४० टक्क्यांचा दावा खरा असेल, तर ३६ यायला हव्यात. फ्रिज मात्र मधूनमधून बंद होतो, त्यामुळे तो प्लग-इन एनर्जी मीटरवर एक दिवस डब्यासह, एक दिवस डब्याशिवाय, असं आठवडाभर तपासावा लागेल.

याच पद्धतीनं ३० वॉटचा बीएलडीसी पंखा मोजलात, तर १५ मिनिटांत साधारण २४ लुकलुकी येतील. बचत करणारी वस्तू अशी मीटरवर दिसते.