सर्किटचे घड्याळ कोणाकडून घ्यावे?

दोन कार्यालयांना जोडणारे डिजिटल सर्किट सुरू होते, उपकरणावरील हिरवे दिवे लागतात. मात्र काही दिवसांतच फॅक्सच्या पानावरील ओळी गायब होऊ लागतात, दूरध्वनीवर मधूनच 'टक्' असा आवाज येतो. केबल बदलली, राऊटर बदलला, तरी दोष कायम! अशा वेळी तारेपेक्षा घड्याळावर संशय घेणे अधिक योग्य ठरते.

हे घड्याळ वेळ दाखवत नाही. प्रत्येक बिट केव्हा पाठवायचा आणि केव्हा वाचायचा, हे ठरवणारा तो विद्युत ठोका होय. भारतात आणि युरोपात रूढ असलेल्या ई-१ सर्किटवरून सेकंदाला २० लाख ४८ हजार बिट वाहतात. त्यांच्या ८ हजार फ्रेम होतात. म्हणजे एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. पाठवणाऱ्याचे घड्याळ किंचित जलद असेल तर घेणाऱ्याचा बफर भरून एक फ्रेम टाकून द्यावी लागते, मंद असेल तर तीच फ्रेम पुन्हा वापरली जाते. यालाच 'स्लिप' म्हणतात.

ई-१ला दहा लाख भागांत ५० भागांची चूक माफ असते. दोन टोके विरुद्ध दिशेने तेवढी चुकली तर दर सव्वा सेकंदाला एक स्लिप होईल. याउलट, दूरसंचार कंपनीच्या प्रमुख संदर्भ घड्याळाची कमाल चूक दहा हजार कोटींत एक भाग असते. अशा दोन घड्याळांमध्ये स्लिप होण्यास सुमारे ७२ दिवस लागतात.

म्हणूनच कंपनीकडून सर्किट घेतले असल्यास राऊटरवर 'लाइन' हाच पर्याय निवडावा. दोन इमारतींमधील तार स्वतःचीच असेल, तर एका टोकाला 'इंटर्नल' आणि दुसऱ्याला 'लाइन' ठेवावे. दोन्हीकडे 'लाइन' ठेवल्यास दोन्ही उपकरणे एकमेकांच्या मागे धावतात आणि ठोका भरकटत जातो. आंधळ्याने आंधळ्याचा हात धरावा, तसा हा प्रकार. व्ही-३५ सीरियल जोडणीत डीसीई बाजूने ठोका द्यायचा असतो. तिथे ६४०००सारखा क्लॉक रेट न दिल्यास जोडणी उभीच राहत नाही.

पर्यायी घड्याळ निवडताना तर अधिकच दक्षता हवी. ज्या शाखेला आपणच ठोका पुरवतो, तिच्याकडून तो परत घेण्याची चूक अनुभवी अभियंतेही करतात आणि मुख्य लाइन तुटेपर्यंत ती उघडकीस येत नाही. बदल केल्यावर जुने आकडे पुसून स्लिपची नोंद पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावी. आकडा वाढत असेल तर घड्याळ अद्याप जुळलेले नाही.

पॅकेट नेटवर्कमध्ये हेच काम सिंक्रोनस इथरनेट आणि आयईईई १५८८ करतात. टीडीडी पद्धतीच्या मोबाईल मनोऱ्यांना तर दीड मायक्रोसेकंदाच्या आत अचूकता लागते आणि त्यासाठी अनेकदा जीपीएसवर भिस्त असते. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना झालेल्या गफलतीमुळे काही उपग्रहांनी सुमारे १३ मायक्रोसेकंद चुकीची वेळ प्रसारित केली आणि दूरसंचार यंत्रणांत तासन्‌तास धोक्याचे इशारे येत राहिले.