यवन इंद्राग्निदत्त, मुक्काम नाशिक

'यवन' हा शब्द मराठी बोलण्यातून गेला, लिहिण्यातून मात्र गेलेला नाही. ऐतिहासिक कादंबरीत तो येतो, पोवाड्यात येतो, व्यासपीठावरच्या भाषणात येतो, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. यवन म्हणजे मुसलमान, म्हणजे बाहेरून आलेला, म्हणजे मोडतोड करणारा. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीच्या तासाला वाचनात हा शब्द आला की वर्गातली दोन-चार मुलं खाली बघतात आणि बाकीची त्यांच्याकडे बघतात. उर्दूच्या तासाला हाच शब्द दुसऱ्या कपड्यांत येतो, तेव्हा कुणी वर मान करूनही बघत नाही. तिथे तो 'यूनान' असतो.

होय, शब्द एकच आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक मुलूख होता. इराणी बादशहांची ग्रीकांशी गाठ पडली ती आधी या आयोनियावाल्यांशी, म्हणून जुन्या फारसीत सगळेच ग्रीक 'यौन' झाले. प्राकृतात त्याचं 'योन' आणि 'योनक' झालं, संस्कृतात 'यवन', अरबीत 'यूनान'. पाणिनीला यवन माहीत होते. 'यवनानी' म्हणजे यवनांची लिपी, असा खुलासा पुढे कात्यायनाने करून ठेवला. अशोकाच्या शिलालेखांत ग्रीक राजा अंतियोक हा 'योनराज' म्हणून येतो. तेव्हा आपल्या गावच्या यूनानी दवाखान्याची पाटी आणि बखरीतला यवन, दोघांचं मूळ घर एक. हकीमसाहेब ज्या बुकरात आणि जालिनूसचं नाव घेतात ते हिप्पोक्रेटिस आणि गॅलन, दोघेही ग्रीक. मराठी माणूस खूश होऊन एखाद्या मिसळीला 'अफलातून' म्हणतो तेव्हा तो प्लेटोचं नाव घेत असतो, तेही अरबीतून आलेलं. 'दाम' हा ग्रीक द्रख्म नाण्याचा वंशज. 'कलम' अरबीमार्फत ग्रीकांकडूनच आला.

इथल्या राजकारणातून ग्रीक नाहीसे झाले, नाव तेवढं उरलं. मग पश्चिमेकडून जो जो आला त्याला ते चिकटत गेलं. शिवकाळात कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त यवन म्हणजे मुसलमान. त्याच काळच्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी शब्द हे यवनांचे शब्द. फारसीभाषक इराण्याला ग्रीक म्हणणं ही मोठी गंमतच, कारण प्राचीन काळी इराणी आणि ग्रीक एकमेकांचे कट्टर वैरी. पण शब्दांना इतिहास शिकवायला कुणी जात नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या माणसाकडे येतो.

नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्याजवळ, पांडवलेणी आहेत. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. ही चोवीस बौद्ध लेणी, आणि डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, लेखांच्या प्राकृतात 'तिरण्हु'. यातल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी नाशिकच्या गॅझेटियरसाठी इथले लेख वाचले, पुढे फ्रेंच विद्वान सेनार यांनी ते पुन्हा संपादित केले. लेखातला मजकूर साध्या मराठीत असा: उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा रहिवासी, योनक, धर्मदेवाचा मुलगा, धर्मात्मा इंद्राग्निदत्त याने तिरण्हु पर्वतात हे लेणं खोदवलं. लेण्याच्या आत चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढी केल्या. आईवडिलांसाठी हे लेणं करवलं. सर्व बुद्धांच्या पूजेसाठी ते चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलं, मुलगा धर्मरक्षित याच्यासह.

इतकंच. या माणसाचा जन्म कुठल्या साली झाला, धंदा काय होता, बायकोचं नाव काय, काही लिहिलेलं नाही. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा माणूस, आणि त्याचं सगळं चरित्र एवढ्या चार ओळींत. तरी मला ते पुरेसं वाटतं, कारण या ओळींत काय ठेवायचं हे त्याने स्वतः ठरवलंय. खडकात अक्षर कोरायला वेळ लागतो, पैसा लागतो. अशा ठिकाणी माणूस उगाच शब्द खर्च करत नाही.

पहिला शब्द बघा, 'उत्तरेकडचा'. मग गाव, दत्तामित्री. डेमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावावरून वसलेलं हे शहर असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. व्याकरणाच्या परंपरेत दत्तामित्री सौवीर देशात, म्हणजे सिंधच्या बाजूला सांगितली आहे. काही जण ती कंदाहारकडे नेतात. कुठेही धरली तरी नाशिकपासून शेकडो कोस लांब. गोदावरीकाठी येऊन, डोंगर कोरवून घेण्याइतका जम बसल्यावरही या माणसाने जुनं गाव पुसलं नाही. आमच्या मुळशीत हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. धरणात गेलेल्या गावांची माणसं आजही मूळ गाव सांगताना पाण्याकडे हात करतात. १९२१ ला सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच, आणि गाव पत्त्यातून गेलं तरी तोंडातून गेलं नाही.

पुढचा शब्द 'योनक'. यात लाज नाही आणि तोराही नाही. आडनाव सांगावं तसा तो सांगून मोकळा होतो. एक खरं, की काही अभ्यासकांच्या मते अशा लेखांतला यवन रक्ताने ग्रीकच असेल असं नाही. पश्चिमेकडचा व्यापारी किंवा ग्रीक वसाहतीत राहणारा कुणीही असू शकेल. पण इथे गाव दत्तामित्री, दिशा उत्तर आणि शब्द योनक, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात. मला तरी तो ग्रीक घराण्यातलाच वाटतो.

आणि मग नावं. बाप धर्मदेव, मुलगा इंद्राग्निदत्त, नातू धर्मरक्षित. इंद्र आणि अग्नी यांनी दिलेला तो इंद्राग्निदत्त, थेट वैदिक देवतांचं नाव, आणि तो लेणं खोदवतो बुद्धाच्या पूजेसाठी. नातवाचं नाव तर अस्सल बौद्ध. तिन्ही पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही, तरी घर स्वतःला योनक म्हणवतं. नाव इथलं घेतलं म्हणून वंश लपवला नाही आणि वंश सांगितला म्हणून नाव परकं ठेवलं नाही. आमच्याकडेही आडनाव जुन्नरकर, बोली मराठी, नाव अब्दुल रहीम, असं घर असतं, आणि कुणीतरी त्याला विचारतंच, "पण तुम्ही मूळचे कुठले?" इंद्राग्निदत्तालाही कुणी तरी हे विचारलं असणार. त्याने उत्तर दगडावर लिहून ठेवलं.

हा एकटा नव्हता. आमच्या मुळशीला लागून मावळ तालुका आहे आणि मावळात कार्ल्याचं लेणं. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दात्यांची नावं आहेत, आणि त्यांत धेनुकाकट या गावचे अनेक यवन आहेत. एकेकाने एकेक खांब दिला. सिंहध्वज, धर्मध्वज, यशोवर्धन अशी त्यांची नावं. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. इरिल हे नाव कानाला इथलं वाटत नाही, पण दान अगदी इथलं: घाटावरच्या कातळात उन्हाळ्यात टिकेल असं पाणी. या डोंगरांत जो राहिला आहे त्याला पोढीची किंमत कळते. आमच्याकडे याला सदका-ए-जारिया म्हणतात, देणारा मेल्यावरही ज्याचं पुण्य चालू राहतं ते दान, आणि त्यात पाण्याचा मान फार मोठा.

ही माणसं आली कशी? कल्याण, सोपारा, भडोच ही बंदरं तेव्हा गजबजलेली होती. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं समुद्रप्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक, 'पेरिप्लस', आज उपलब्ध आहे. त्यात कल्याणचा उल्लेख आहे, आणि चुकून तिथे शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेतात असंही म्हटलं आहे. म्हणजे यवनाचं स्वागत सदैव हार घालून होत होतं असं कुणी समजू नये. राज्यांची भांडणं होती, जकातीची भांडणं होती.

त्याचा पुरावा त्रिरश्मी डोंगरावरच आहे. १७ नंबरपासून काही पावलांवर ३ नंबरचं लेणं आहे, राजमाता गौतमी बलश्रीचं. नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी तिने तिथे आपल्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी कोरवली. त्यात तो शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा आहे. चार वर्णांची सरमिसळ त्याने थांबवली असंही आहे. आजच्या भाषणांत यातली पहिली ओळ हमखास ऐकू येते. त्याच डोंगरात एका यवनाने आईबापांसाठी लेणं खोदवलं, हे त्याच भाषणात कधी ऐकू येत नाही. मला स्वतःला हे दोन लेख एकमेकांचे शत्रू वाटत नाहीत. एकीकडे आई मुलाची आठवण काढते आहे, दुसरीकडे मुलगा आईबापांची. राजाच्या प्रशस्तीत यवन म्हणजे समोरचं सैन्य. डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना यवन म्हणजे पाण्याची सोय करणारा शेजारी. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि ते तसं होतं याला दगड साक्षी आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. बलश्रीचं लेणं भद्रायणीय या एका बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिलेलं आहे. इंद्राग्निदत्ताने मात्र 'चारी दिशांच्या' संघाला दिलं, म्हणजे जो येईल त्याला. शेजारच्या १० नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचीही हीच भाषा आहे, आणि तो होता शक, म्हणजे तोही बाहेरचाच. हा शब्दप्रयोग इतर दात्यांनीही वापरला आहे, त्यामुळे त्यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरी उत्तरेच्या दिशेने आलेल्या माणसाच्या तोंडी 'चारी दिशा' वाचताना मी दर वेळी तिथे थांबतो.

लेणं आज बघायला गेलात तर व्हरांड्याच्या खांबांवर हत्ती आणि त्यांच्यावर बसलेले स्वार दिसतील, १० नंबरच्या लेण्याशी मिळतेजुळते. सह्याद्रीतल्या पाथरवटांनी यवनासाठी काही वेगळी, ग्रीक धाटणी काढलेली नाही, आणि त्यानेही ती मागितलेली दिसत नाही. आत मात्र काम अर्धवट आहे. लेखात ज्या चैत्यगृहाचा उल्लेख आहे ते गर्भस्थान पूर्ण झालंच नाही. मागच्या भिंतीवर उभा बुद्ध आहे, तो नंतरच्या काळातला, दुसऱ्या कुणीतरी केलेला. पैसा संपला, की माणूस संपला, की घर पुढे दुसऱ्या गावी गेलं, लेख त्याबद्दल गप्प आहे. त्याचा शेवटचा शब्द मुलाचं नाव आहे.