कृषियंत्रांमधील बिनतारी माहिती-विनिमय

एकाच शेतात एकाच वेळी काम करणाऱ्या यंत्रांनी आपले स्थान, वेग, पार पडलेले काम, टाकीतील धान्याची पातळी इ. माहिती रेडिओ तरंगांद्वारे परस्परांना कळविणे, यास बिनतारी माहिती-विनिमय म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व यूरोप येथील मोठ्या यंत्राधिष्ठित शेतीत ही पद्धत विकसित झाली. तिच्या अल्प इतिहासात तंत्राच्या प्रश्नाइतकाच माहितीच्या मालकीचा प्रश्नही गुंतलेला आहे.

गहू किंवा मका यांच्या सुगीत कापणी व मळणी एकदम करणारे कंबाइन यंत्र थांबू नये म्हणून ट्रॅक्टरला जोडलेली धान्यगाडी त्याच्या बाजूने समान वेगाने नेतात व चालत्या यंत्राच्या नळीतून धान्य तीत ओततात. वेगात वा अंतरात थोडी चूक झाली, तरी धान्य मातीत सांडते. क्वचित यंत्रे एकमेकांवर आदळतात. पावसापूर्वी पीक काढण्याच्या घाईत हे काम रात्रीही चालते. चालकांचे हातवारे, दिव्यांची उघडझाप आणि पुढे बोलण्याचे साधे रेडिओ संच, एवढ्यावरच पूर्वी हा मेळ अवलंबून असे.

यंत्रांचे आपसांतील संभाषण प्रथम तारेतून सुरू झाले. मोटारगाड्यांसाठी बॉश या जर्मन कंपनीने तयार केलेली ‘कॅन’ ही माहितीवाहिनी १९८६ मध्ये डिट्रॉइट येथे जाहीर झाली. तिच्या आधारे जर्मनीत डीआयएन ९६८४ व पुढे आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेचे आयएसओ ११७८३ ऊर्फ आयसोबस ही मानके निघाली. एका कंपनीच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कंपनीचे पेरणी यंत्र जोडले, तरी दोहोंचे नियंत्रण एकाच पडद्यावरून व्हावे, हा आयसोबसचा उद्देश होय. तथापि मानकाचा अर्थ जो तो आपल्या परीने लावीत असल्यामुळे जोडणी पुष्कळदा फसे. म्हणून २००८ मध्ये सात यंत्रनिर्माते व दोन उद्योगसंघ यांनी एईएफ ही संस्था स्थापन केली. हे मानक मात्र ट्रॅक्टर व त्याची अवजारे यांपुरतेच होते. शेजारून चालणारे दुसरे वाहन त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

बिनतारी विनिमयासाठी प्रत्येक यंत्राला स्वतःचे स्थान अचूक ठाऊक असावे लागते. अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकली. तरीही काही मीटरांची चूक उरतेच. ती घालविण्यासाठी ज्याचे स्थान नेमके माहीत आहे असे तळकेंद्र शेताजवळ उभारतात. ते उपग्रहसंकेतांतील चूक मोजून दुरुस्ती रेडिओने ट्रॅक्टरकडे पाठविते व अचूकता सु. २-३ सेंमी. पर्यंत येते. या सोयीची नाजूक बाजू मे २०२४ मध्ये दिसली. तीव्र चुंबकीय वादळाने आयनांबर क्षुब्ध होऊन ऐन मका पेरणीत अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील दुरुस्तीसंकेत बेभरवशाचे झाले व अनेकांना पेरणी थांबवावी लागली. पेरणीचे तास वाकडे पडले, की पुढील प्रत्येक यंत्राला मिळणारी नोंदही चुकीची ठरते.

दोन वाहनांना थेट जोडण्याचे प्रयत्न २०११ च्या सुमारास बाजारापुढे आले. फेंट कंपनीच्या पद्धतीत एका चालकाच्या ट्रॅक्टरमागे दुसरा चालकरहित ट्रॅक्टर रेडिओ दुव्याने चालत असे. किन्झ कंपनीने त्याच वर्षी चालकरहित धान्यगाडीचे प्रात्यक्षिक दाखविले. जॉन डिअरच्या पद्धतीत कंबाइनच्या टाकीची पातळी धान्यगाडीच्या चालकाला दिसते आणि धान्य ओतताना ट्रॅक्टरचा वेग व दिशा यांचे नियंत्रण कंबाइनकडे जाते. या पद्धती उपयुक्त खऱ्या. पण प्रत्येकीची संकेतप्रणाली आपापल्या कंपनीपुरती होती. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे बाळगणाऱ्या शेतकऱ्याला, आणि असेच शेतकरी पुष्कळ, तिचा लाभ मर्यादितच झाला. तारेच्या बाबतीत झालेली चूक येथे पुन्हा घडली आणि तिच्यामागे तांत्रिक अडचणीपेक्षा ग्राहक बांधून ठेवण्याचे व्यापारी धोरण अधिक होते, असे म्हणावे लागते. एईएफने समान बिनतारी संकेतप्रणालीसाठी स्वतंत्र प्रकल्पगट नेमला.

दरम्यान मोबाइल जाळ्यांमुळे माहिती शेताबाहेरील संगणककेंद्रांत जाऊ लागली. क्लास, जॉन डिअर व ३६५फार्मनेट यांनी २०१९ मध्ये आपापली केंद्रे परस्परांस जोडण्याची योजना जाहीर केली. त्यामुळे हाकेच्या अंतरावरील दोन यंत्रांची वार्ता दूरच्या केंद्रातून फिरून येण्याचा विचित्र प्रकार घडला. शिवाय शेतातील उत्पन्न, खत, बियाणे यांचा तपशील कंपनीच्या हाती पडू लागला. अमेरिकन फार्म ब्यूरो फेडरेशन, इतर शेतकरी-संघटना व कंपन्या यांनी २०१४ मध्ये शेतमाहितीवर शेतकऱ्याची मालकी मान्य करणारी तत्त्वे स्वीकारली. ती ऐच्छिक होती. यूरोपातील २०१८ ची आचारसंहिताही तशीच. यूरोपीय संघात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या माहिती-अधिनियमाने मात्र जाळ्याशी जोडलेल्या यंत्रातून निर्माण होणारी माहिती वापरकर्त्यास मिळविण्याचा व ती त्याच्या पसंतीच्या तिसऱ्या पक्षास देवविण्याचा कायदेशीर हक्क दिला.