फुलांचे वाळवण

फुलांचे वाळवण : फुलांतील पाण्याचा अंश काढून त्यांचा आकार, रंग वा सुगंध टिकवण्याची घरगुती क्रिया.

उगम : फुले दाबून वाळवण्याच्या शास्त्रीय पद्धतीचा पाया इटलीत लूका गिनी (१४९०–१५५६) यांनी घातला (पहा : वनस्पतिसंग्रह). कोकणातील वाळवण मात्र मुख्यतः सुगंधासाठी होते.

वैशिष्ट्ये : रत्नागिरी जिल्ह्यात बकुळ (स्थानिक नाव ओवळ), सुरंगी आणि केवडा ही प्रमुख फुले होत. बकुळीचे फूल वाळल्यावर तपकिरी होते, पण त्याचा सुगंध दीर्घकाळ राहतो. मधल्या छिद्रामुळे ते दोऱ्यात सहज ओवता येते. केवड्याचे सुवासिक पात कपड्यांच्या घड्यांत ठेवतात. सुरंगीच्या कळ्या उन्हात वाळवून विकतात (पहा : सुरंगी).

रंग टिकवायचा असल्यास फुले सावलीत, हवेशीर जागी देठ वर करून टांगतात. चपटी फुले टीपकागदात दाबतात व कागद वरचेवर बदलतात. गुलाबासारखी भरगच्च फुले कोरड्या बारीक वाळूत किंवा सिलिका जेलमध्ये पुरतात. जेलमध्ये वाळण्यास काही दिवस, तर वाळूत त्याहून अधिक काळ लागतो. जून ते सप्टेंबर या काळात दमट हवेमुळे बुरशी धरते. म्हणून वाळवण पावसाळ्यापूर्वी आटोपून हवाबंद डब्यात ठेवतात.

महत्त्व : सुगंधी द्रव्ये, शुभेच्छापत्रे व गृहसजावट यांसाठी वाळलेली फुले वापरतात. सुरंगीच्या कळ्यांपासून रेशमासाठी तांबडा रंगही मिळतो (पहा : नैसर्गिक रंग).